माय समर कार : पाना धरायची हौस असेल तरच घ्या

नावावरून रेसिंग गेम वाटतो पण तसं काही नाहीये. १९९५ चा उन्हाळा, फिनलंडमधलं खेडं, आईबाप सुट्टीवर गेलेत आणि गॅरेजमधे सत्सुमा नावाची गाडी पार्ट-पार्ट सुटी होऊन पडलीय (जुन्या डॅटसन १००ए वरून घेतलेली), ती जोडायची. ट्युटोरियल वगैरे शून्य.

खरी मजा पान्यांत आहे राव. प्रत्येक बोल्टला बरोबर साइझचाच पाना लागतो, दहाच्या बोल्टवर नऊचा चालत नाही, मग माऊसचं व्हील फिरवत फुल टाइट होईपर्यंत आवळायचं, आणि एखादा अर्धवट राहिला तर गेम लगेच काही बोलत नाही पण गाडी रस्त्यावर हादरायला लागली की तो अजून ढिला होतो आणि पार्ट सुटून पडतो! ऑइल पॅनचा ड्रेन बोल्ट सैल असेल तर ऑइल गळून इंजिनचं वाटोळं. आणि नुसतं जोडून भागत नाही बरं का, स्क्रूड्रायव्हरने व्हॉल्व्ह सेट करा, कार्बोरेटरचं मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) बघा, डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग (स्पार्क नेमका कधी पडतो ते) जमवा, मग कुठे इंजिन नीट आवाज देतं. त्या आवाजासाठी सगळे कष्ट माफ.

ग्राफिक्स मात्र जुनाट, कंट्रोल्स पण विचित्र. परमाडेथ (मेलात की सेव्ह केलेला गेमच पुसला जातो) चालू ठेवलात तर एका अपघातात सगळी मेहनत पाण्यात, त्यामुळे पहिल्यांदा खेळणाऱ्यांनी बंदच ठेवा. २०१६ ला अर्ली ऍक्सेसमधे (म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विकायला) आला, २०२५ मधे एकदाचा पूर्ण झाला. मोबाइलवर नाही, पीसीवरच आहे.