'अडगळ' फोल्डर: आठ महिने वापरून काय वाटलं

कादंबरीचा पहिला ड्राफ्ट १,१२,००० शब्दांचा झाला होता आणि कात्री लावायची म्हटलं की माझा हातच चालेना. एकेक सीन तीनतीनदा वाचायचे आणि "असू दे, बरा आहे" म्हणत पुढे जायचे. शेवटी स्क्रिव्हनरमध्ये (मी कादंबरी लिहायला वापरते ते सॉफ्टवेअर) ड्राफ्टच्या बाहेर एक फोल्डर केला, नाव दिलं 'अडगळ', आणि नियम एकच, डिलीट काहीच करायचं नाही, उचलून तिकडे टाकायचं.

पहिल्याच आठवड्यात हात सुटला. परत आणता येतं ना, मग घाबरायचं कशाला! तिसऱ्या प्रकरणातला लग्नाचा सीन, २,८०० शब्द, ज्याच्यावर मी महिना घालवला होता, तो दहा मिनिटांत गेला आणि खरं सांगते, दुसऱ्या दिवशी त्याची आठवणही आली नाही.

आता हिशोब. अडगळीत ४३ सीन आहेत, साधारण २७,००० शब्द. त्यातले पूर्णच्या पूर्ण परत आणले फक्त दोन, शिवाय सुट्ट्या आठ-नऊ ओळी. म्हणजे "पुढे कुठेतरी वापरू" हे आपण स्वतःला दाखवलेलं गाजरच, पण त्या गाजरावरच एवढी कापाकापी झाली हेही खरं.

मार कुठे खाल्ला ते सांगते. वडील घड्याळ दुरुस्त करत बसलेत असा एक सीन मी काढला. एकोणिसाव्या प्रकरणात नायिका त्याच घड्याळाला चावी देते आणि तिला रडू फुटतं. मला वाचताना काहीच खटकेना, कारण माझ्या डोक्यात तो सीन होताच. मैत्रिणीने वाचून विचारलं, "हे घड्याळ कुणाचं? आणि ही रडतेय का?" मी 'घड्याळ' सर्च केलं, सीन सापडला, म्हटलं आहे की! तो अडगळीतला होता. सर्च फक्त ड्राफ्टपुरता ठेवायचा ऑप्शन आहे हे मला त्यानंतर कळलं.

तेव्हापासून काढलेल्या प्रत्येक सीनच्या डोक्यावर दोन ओळी लिहिते: का काढला, आणि त्यात पहिल्यांदा काय आलं होतं (वस्तू, नाव, वय, कुणाला काय कळलं). मग ते शब्द ड्राफ्टमध्ये शोधायचे. कंटाळवाणं काम आहे पण टाळू नका. घड्याळाचा सीन मी परत आणलाच नाही, दुसऱ्या प्रकरणात वडील जेवायला बसायच्या आधी घड्याळाला चावी देतात एवढं एक वाक्य घातलं, पुरलं.

परिच्छेद उडवायचे असतील तर आधी स्नॅपशॉट घेते, म्हणजे त्या सीनची जुनी प्रत तशीच राहते. पण तो त्या-त्या डॉक्युमेंटला चिकटलेला असतो, तीन महिन्यांनी एखादा परिच्छेद हवा झाला तर कुठे शोधणार, म्हणून जीव अडकलेले परिच्छेद अडगळीतही कॉपी करते. आधी गूगल डॉक्सच्या व्हर्जन हिस्टरीवर भागवायचे. तिथे जुनी व्हर्जन्स कधीकधी एकत्र केली जातात, त्यामुळे महत्त्वाच्या व्हर्जनला नाव देऊन ठेवलेलं बरं, आणि तरीही एक सीन शोधायला तारीख आठवावी लागतेच.

नावं मात्र नीट द्या हां, माझ्याकडे 'नवा सीन', 'नवा सीन २', 'नवा खरा' असले बारा नमुने पडलेत.

६,००० शब्द नव्याने लिहून आता ९१,००० वर आलेय. एक खोड अजून गेली नाही, कामाला बसलं की आधी अडगळ उघडते आणि अर्धा तास तिथेच जातो, म्हणून सध्या ती फक्त रविवारी उघडायची असं ठरवलंय.