बास चांगलाय, बोलायचंय ते बॅटरीबद्दल

दोंडाईच्याला एका हळदीत तिसऱ्या गाण्याला माझ्या बास गिटारचा आवाज आधी फाटला, मग शेळीसारखा बारीक झाला आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत गेलाच. मी आपला वाजवतोय. ढोलकीवाल्याने वळून बघितलं. नानांनी, म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकांनी, स्टेजच्या कडेवरून डोळे वटारले. पुढच्या खुर्चीतल्या एका बाबांनी मात्र आपुलकीने विचारलं, "काय व्हयनं रे भो? बंद पडनं का?" ॲम्प चालू होता, केबल नवी होती. मेली होती ती बासच्या पोटातली नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. बारा दिवसांपूर्वीच टाकलेली.

दिवाळीच्या ऑफरमध्ये साडेतेवीस हजारांना घेतलेला हा चार तारांचा ॲक्टिव्ह (पोटात बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला) बास, त्याला आता अकरा महिने होतील. पी-जे पिकअप (तारांचा कंप पकडणारे चुंबक), ३४ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी) वगैरे तुम्हाला पाठ असेल, ते परत लिहीत नाही. कंपनीचं नावही घेत नाही. ज्यांच्याकडे हाच बास आहे ते झाकणाचं वर्णन वाचून ओळखतील.

चांगलं आधी सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. वजन चार किलोच्या आत. पट्ट्यावर सोडला तर मान खाली झुकत नाही. पिकअपला गुणगुण नाही. आणि मिडचा (मधल्या सुरांचा) नॉब! खान्देशातल्या लग्नांत जे स्पीकर येतात त्यांतून खालच्या ई तारेचे ४१ हर्ट्झ काही बाहेर पडत नाहीत. लोकांना ऐकू येतो तो वरचा ८२ आणि त्याच्याही वरचा भाग. खालचं कान आपोआप भरून घेतो. म्हणून बेस (खालचे सूर) वाढवत बसायचं नाही, मिड थोडा उचलायचा. कीबोर्डवाल्याने पावरीचा (आदिवासींच्या फुंकवाद्याचा) सूर लावला की वीस-वीस मिनिटं मला दोनच स्वर वाजवायचे असतात. निदान ते दोन तरी मागच्या रांगेपर्यंत जावेत एवढीच अपेक्षा, आणि ती या बासने पूर्ण केली. माझ्या जुन्या पॅसिव्ह बासचा टोन नुसता कापता यायचा, वाढवता यायचा नाही.

पण त्या जुन्याला बॅटरी नव्हती, हेही खरं.

लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणला तो दोन नॉबचा, बिनबॅटरीचा. त्या काळातले बास आजही वाजतात, एक सेल न खाता. आणि त्याच माणसाचा हात असलेल्या म्युझिक मॅनने १९७६ मध्ये स्टिंगरे काढला, पोटात प्रीॲम्प (आवाज वाढवणारं सर्किट) आणि बॅटरी घातलेला. एकाच माणसाने आधी सुख दिलं आणि मग त्याला झाकण बसवलं. (हे रागात लिहिलंय. स्टिंगरेचा आवाज मलाही आवडतो.)

तर हिशोब. मी अमळनेरला एका जिनिंगमध्ये हिशेबनीस आहे, त्यामुळे डायरी ठेवतोच. साधी चौकोनी बॅटरी चाळीस-पन्नासला, ती चालायची अकरा-बारा दिवस. अल्कलाईन अडीचशेच्या पुढे, ती चालायची सतरा दिवस. मोबदल्यात नाना मला एका रात्रीचे जे देतात त्यात बॅटरी, चहा आणि येण्याजाण्याचं भाडं धरलं, तर काही रात्री मी पदरचे घालून वाजवलंय.

पहिल्यांदा मी दुकानदाराशी भांडलो. जुना माल देतोस म्हणालो. तो बिचारा तारखा दाखवत राहिला. मग धुळ्याच्या एका जुन्या बासवाल्या दादांनी फोनवर विचारलं, "कार्यक्रम संपल्यावर केबल काढतोस का रे?" मी काढत नव्हतो. घरी रियाज करताना तर केबल आठवडाभर बासमध्येच. ॲक्टिव्ह बासमध्ये केबलची पिन हाच स्विच असतो, पिन आत असेपर्यंत बॅटरी जळत राहते. म्हणजे चूक माझीच. दुकानदाराकडे जाऊन दोन बॅटऱ्या जास्तीच्या घेतल्या, तीच माझी माफी.

केबल काढायला लागलो. बॅटरी तरी सतरा दिवसांतच मेली.

मग मी रोज रात्री बॅटरीच काढून ठेवायला लागलो. तशी ती टिकली. पण झाकण! पाठीमागे काड्यापेटीएवढं झाकण, त्याला प्लास्टिकची एकच जीभ, नखाने दाबायची. ही जीभ वर्षातून दोनदा दाबायच्या हिशोबाने केलेली, मी रोज दोनदा दाबत होतो. फेब्रुवारीत तुटली. तेव्हापासून काळी चिकटपट्टी. साडेतेवीस हजारांच्या बासला पाठीवर ठिगळ.

कंपनीला तीन मेल केले. तिन्हींना एकच उत्तर, वापर झाल्यावर केबल काढून ठेवावी. मी लिहिलं की काढतोच. त्यावर उत्तर, केबल काढून ठेवावी. शेवटी म्हणाले पाठवा. जाण्याचं कुरिअर माझ्या खर्चाने, खोका मी बांधला, थर्माकोल टीव्हीच्या दुकानातून मागून आणला. ऐन लग्नसराईत तीन आठवडे बास नाही. नानांनी तेवढ्यात कीबोर्डच्या डाव्या हातावर भागवलं, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही, हे दुःख वेगळंच. बास परत आला तो चिठ्ठीसह: "तपासले. दोष आढळला नाही." त्यांनी बास लावला, आवाज आला, झालं. सतरा दिवस कोण थांबणार? झाकण सुटं मिळत नाही असंही त्याच चिठ्ठीत. पूर्ण कंट्रोल बॉक्स घ्यावा लागेल म्हणे.

त्या दिवशी मी परीक्षणात या बासला एकच स्टार देणार होतो. लिहून ठेवलेलं होतं, पाठवलं नाही. बरं झालं.

मधला उन्हाळा थोडक्यात सांगतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, हवा कोरडीठाक. लाकूड आकसलं आणि फ्रेटची (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं मानेच्या कडेने बाहेर आली, हात फिरवला की करवतीसारखी लागत. जळगावला सोनारकाम करणारा एक मित्र आहे, त्याची बारीक कानस आणून टोकं घासली. लाकडाला कागदी टेप लावून मगच घासा, मी पहिल्या दोन फ्रेटना लावली नव्हती. पावसाळ्यात उलटं झालं. मान पुढे वाकली, तारा उंच झाल्या. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्यापाशी पोस्टकार्ड जाईल एवढी फट असावी. माझ्याकडे दोन पोस्टकार्डं सहज जात होती. एलन कीने ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) पाव फेरा आवळला, रात्रभर ठेवला, अजून थोडा. हे कुठल्याही बासला करावं लागतं, यात कंपनीचा दोष नाही. दोष बॅटरीचा.

अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास शिरपूरकडच्या एका गावात कार्यक्रम होता. अल्कलाईन बॅटरी मी घरीच विसरलो. गावातल्या दुकानात चौकोनी बॅटरी मिळत नाही, पेन्सिल सेल मात्र मिळतात. साउंडवाल्या पोराने विचारलं, "किती व्होल्ट लागतात?" नऊ. "मग दीडाचे सहा लावू ना." सहा सेल एकामागे एक ठेवून वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळले, दोन्ही टोकांना वायर, आणि वायरच्या दुसऱ्या टोकाला माझ्याकडच्या मेलेल्या बॅटरीचा वरचा खटका कापून जोडला. फूटभर लांब नळी झाली. चिकटपट्टीने पट्ट्याच्या मागे बांधली. रात्री साडेबारापर्यंत वाजवलं, आवाज तसूभर हलला नाही. पेन्सिल सेलचं पोट चौकोनी बॅटरीपेक्षा कितीतरी मोठं आणि गावोगाव मिळणारं, मग बासवाले ही चौकोनी का घालतात? उत्तर एकच, जागा. मला ते पटत नाही. मी झाकणच बंद करून टाकलं आणि महिनाभर नळीवरच वाजवलं. सगळ्यांना सांगत सुटलो की हाच उपाय.

जूनमध्ये भुसावळ स्टेशनवर तो उपाय अंगाशी आला.

प्रवासात मी बास पॅसेंजरच्या वरच्या फळीवर आडवा टाकतो. एसटीत मागच्या लांब सीटखाली सरकवतो. एकदा कंडक्टरने याचं तिकीट काढा म्हटलं, बायको शेजारी अर्ध्या तिकिटावर बसलेली, मी म्हटलं हीसुद्धा महिलाच धरा. तो हसला नाही. भुसावळला मात्र सुरतेकडची गाडी यायला वेळ होता, आणि बॅगेची चेन अर्धी उघडी. आतून वायर बाहेर लोंबत होती. गणवेशातल्या एका साहेबांनी काठीने बॅग दाखवली. "यात काय?" बास. "आणि ही नळी?" सेल आहेत साहेब. "वायर कशाला?" मी समजवायला गेलो आणि जेवढं समजावलं तेवढी गर्दी वाढली. "वाजवून दाखव." आता इलेक्ट्रिक बास, ॲम्पशिवाय, फलाट क्रमांक सांगणाऱ्या भोंग्याखाली. मी सगळ्यात जाड तार जोरात छेडली, कुणालाच काही ऐकू आलं नाही. शेवटी साहेबांना म्हटलं, लाकडाला कान लावा. त्यांनी टोपी काढली, वाकले, बासच्या शिंगाला कान लावला. मी ई वाजवला. ते तसेच राहिले. "अजून वाजव," म्हणाले. चार-पाच स्वर ऐकून सरळ झाले आणि म्हणाले, "चांगला आहे. नळी काढून वेगळी ठेव."

म्हणून सांगतो, नळीचा सल्ला मी मागे घेतो. ज्यांना सांगितला त्यांनी हे वाचावं.

जुलैत अमळनेरच्याच एका रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्या चाचांकडे गेलो होतो, घरच्या मिक्सरची वायर बदलायला. सहज बासची रडकथा सांगितली. सगळं ऐकून ते म्हणाले, "केबल निकाली तो भी मरती है, बॅटरी निकाली तो बचती है. तो चोर किधर है, बेटा?" अकरा महिन्यांतला सगळ्यात अक्कल असलेला प्रश्न हाच. आठ महिने डायरी लिहून मला तो पडला नव्हता, आणि मी हिशेबनीस.

बास नेला. चाचांनी केबल न लावता बॅटरीच्या वायरमध्ये मल्टिमीटर लावला. १.२ मिलिअँपिअर. बास बंद आहे आणि पितोय. अल्कलाईन बॅटरीत साधारण ५०० मिलिअँपिअर-तास धरा, भागिले १.२, म्हणजे चारशे सोळा तास. सतरा दिवस. डायरीतल्या आकड्यांवर त्यांनी बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

मग जॅक (बासमधलं केबल खुपसायचं भोक) उघडला. ॲक्टिव्ह बासला तीन टोकांचा स्टिरिओ जॅक असतो. बॅटरीची काळी वायर मधल्या टोकाला जायला हवी. आपली मोनो पिन आत गेली की तिचा दांडा मधलं टोक आणि अर्थ (अर्थिंगचं टोक) जोडतो, सर्किट सुरू होतं. पिन काढली की तुटतं. माझ्या बासमध्ये काळी वायर सरळ अर्थलाच डाग दिलेली. मधलं टोक कोरं, चकचकीत, त्याला कधी शिशाचा थेंबही लागला नव्हता. म्हणजे बल्ब बटणाला न जोडता थेट लाईनला जोडलेला. कारखान्यात कुणाचा तरी हात चुकला, आणि "दोष आढळला नाही" लिहिणाऱ्याने पाठचे चार स्क्रू उघडलेच नव्हते. एक डाग काढला, एक दिला. पन्नास रुपये. मिक्सरचे वेगळे.

आता सर्किट फक्त वाजवताना चालू असतं. पाच तासांचा कार्यक्रम धरला तर एका बॅटरीत ऐंशीच्या वर कार्यक्रम व्हायला हवेत. जुलैत टाकलेली बॅटरी कानबाईच्या उत्सवात वाजली, गणपतीत वाजली, अजून आत आहे. माझं मत बदललं. बास चांगला आहे, एका स्टारचे साडेतीन केले. घ्यायला हरकत नाही, पण घेतल्याच्या दिवशी पाठ उघडून काळी वायर बघा. मल्टिमीटर नसेल तर केबल न लावता बॅटरी आत ठेवून वीसेक दिवस अंगाला हात लावू नका, मग वाजवून बघा. ऑफरच्या परतीची मुदत तेवढ्यात संपते ही गोष्ट वेगळी.

तारांबद्दल दोघांनी विचारलं होतं. सोबत आलेल्या तारा दोन महिन्यांत मेल्या. नवा बरा सेट दोन हजारांच्या आसपास, म्हणून मी जुन्या उकळतो. दहा मिनिटं उकळत्या पाण्यात, वेटोळ्यांतला घाम आणि मळ सुटतो, मग फडक्याने पुसून कडकडीत उन्हात. आपल्याकडे उन्हाची तरी टंचाई नाही. दोन-तीन आठवडे खणखणीत वाजतात. हे गोल वेटोळ्याच्या (वरून गोल वायर गुंडाळलेल्या) तारांनाच लागू. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचा बासवाला जेम्स जेमरसन तारा फारशा बदलतच नसे म्हणून कुणी मला सांगू नका, त्याच्या सपाट वेटोळ्याच्या होत्या, त्यांचा कारभार निराळा. एकच सूचना, पातेलं आधी विचारून घ्या. मी पहिल्यांदा उकळल्या तेव्हा मागून आवाज आला, "अहो, ते दुधाचं आहे!" आता माझं वेगळं ॲल्युमिनियमचं आहे, गच्चीवर उलटं ठेवलेलं असतं.

आता राहिलं झाकण. सध्या रेशनकार्डाच्या प्लास्टिक कव्हरचा तुकडा कापून दोन बारीक स्क्रूंनी बसवलाय. बॅटरी आतून दिसते, ते मला आवडतं. पण नवरात्रात सलग कार्यक्रम आहेत आणि नाना म्हणतात फोटोत बरं दिसत नाही. तर कुणाकडे याच मॉडेलचा मोडका बास पडून असेल, तर त्याचं फक्त झाकण हवंय. काळं असो की तपकिरी, जीभ शाबूत असावी. पाठवण्याचा खर्च मी देईन. साध्या पोस्टाने पाठवलंत तर जास्त बरं.