तयार लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू: वेटोळ्या बीजाणूंच्या बुरश्यांसाठी घ्यावं का?

कुजक्या लाकडावरची हेलिकोस्पोरियम आणि तिच्या गोतावळ्यातल्या बुरश्या मी सतत बघत असते, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली बघताना बुरशी रंगवणारं, ड्रॉपरच्या बाटलीत तयार मिळणारं हे निळं द्रावण माझ्या टेबलावर कायम असतं. घ्यावं का, तर जरूर घ्यावं. फक्त स्लाइडवर पहिला थेंब याचा पडू देऊ नका.

त्याचं कारण या बुरश्यांच्या अंगातच आहे. हेलिकोस्पोरियम ही प्रजाती नीस यांनी 1817 मध्ये मांडली. साल गळालेल्या ओल्या फांदीवर तिचा पिवळट-हिरवट थर दिसतो. त्यातले ताठ तपकिरी दांडे साध्या भिंगातूनही कळतात. हेलिकोस्पोरियम व्हेजेटम या जातीत दांड्याचा शेंडा वांझ असतो आणि खालच्या अंगाला बारीक दातांसारखे उंचवटे असतात. बीजाणू धरतात ते त्यांच्यावर. एकेक बीजाणू म्हणजे घड्याळातल्या स्प्रिंगसारखा गुंडाळलेला, जेमतेम 1-2 मायक्रॉन जाडीचा तंतू. पाणी लागलं की हे वेटोळं सैल पडू लागतं. हेलिकोमा या वेटोळ्या बीजाणूंच्याच दुसऱ्या प्रजातीत तंतू जाड असतो आणि असा सैलावत नाही. प्रजाती ओळखताना हा फरक फार कामाचा आहे आणि तो साध्या पाण्यातच बघायचा असतो. फिनॉल आणि लॅक्टिक आम्लात बुडवलेल्या बीजाणूत ही हालचाल तपासण्यात अर्थ नाही. शिवाय त्याची मूळची फिकट हिरवट झाक निळ्याखाली कायमची जाते.

म्हणून आधी पाणी, फोटो, मापं. मग कव्हरस्लिपच्या, म्हणजे नमुन्यावर ठेवलेल्या पातळ काचेच्या, एका कडेला या द्रावणाचा थेंब सोडायचा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावून तो हळूहळू आत ओढून घ्यायचा. इथे मात्र हे द्रावण पैसे वसूल करतं. पाण्यात जवळजवळ पारदर्शक दिसणाऱ्या तंतूच्या पेशींमध्ये निळा रंग भरतो आणि मधले आडपडदे स्वच्छ रेषांसारखे उठून दिसतात. 100च्या ऑइल इमर्शन भिंगाखाली ते शांतपणे मोजता येतात. तपकिरी दांड्यांना याचा काही उपयोग नाही, त्यांचा स्वतःचा रंग पुरेसा आहे.

वेटोळ्यात हवेचा बुडबुडा अडकला की मात्र रंग आत शिरत नाही. हेलिकून या आणखी एका प्रजातीचे पिंपासारखे गुंडाळलेले बीजाणू तर याबाबतीत फारच हट्टी. अशा वेळी दुसरा नमुना घेऊन त्यावर आधी अल्कोहोलचा एक थेंब टाकावा.

आडपडदे आणि मापं यांच्यावर मी एवढी अडून बसते, कारण या गटात नुसत्या रूपावरून निर्णय देणं अवघड झालं आहे. बुरशीतज्ज्ञ लिंडर यांनी 1929 मध्ये वेटोळ्या बीजाणूंच्या बुरश्यांची मोठी मांडणी केली, ती बीजाणू आणि दांडे बघूनच. 2018 मध्ये ट्युब्युफिएलिस या, यांतल्या बऱ्याच बुरश्या ज्यात येतात त्या गणाची डीएनएच्या आधारे फेरमांडणी झाली आणि एकाच प्रजातीत बसवलेल्या कित्येक जाती वेगवेगळ्या शाखांवर गेल्या. निओहेलिकोस्पोरियम ही नवी प्रजाती अशाच डीएनए अभ्यासातून आली. डीएनए तपासणी ज्यांच्या हाताशी नाही, त्यांनी निदान दिसतं ते तरी चोख नोंदवावं.

आता बाटलीबद्दल. रूढ कृतीत फिनॉल, लॅक्टिक आम्ल, ग्लिसरॉल आणि पाणी यांचं प्रमाण 20:20:40:20 असतं, आणि रंग अगदी थोडा. मी घेतलेल्या बाटलीवर ना प्रमाण होतं, ना तयार केल्याची तारीख. तळाशी निळा गाळ बसला होता. त्याचे कण स्लाइडवर आले की बीजाणूंच्या गर्दीत नुसता घोळ होतो. गाळून घेतल्यावर द्रावण उत्तम चाललं, पण विकतच्या मालाला हे काम आपण का करायचं? ड्रॉपरही गळका निघाला, आणि ही बाब किरकोळ नाही: फिनॉल विषारी आहे, कातडी भाजते. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. मुलांकडून काम करून घ्यायचं असेल तर फिनॉल नसलेलं, लॅक्टिक आम्लातलं कॉटन ब्लू मागवा. आडपडदे त्यातही दिसतात.

ग्लिसरॉलमुळे स्लाइड लवकर सुकत नाही, हा मोठा फायदा. कडा नेलपॉलिशने बंद करणार असाल तर बाहेर आलेलं द्रावण आधी पूर्ण टिपून घ्या, नाहीतर पॉलिश धरत नाही. आणि मिळाली तर लहान बाटलीच घ्या, एका स्लाइडला एक थेंब पुरतो.