त्रिकोणातलं अंतर: लंब टाकावा, साइन नियम लावावा की कोसाइन नियम?

शाब्दिक उदाहरण हातात आलं की आधी कच्ची आकृती काढा आणि दिलेल्या बाजू, दिलेले कोन तिच्यावर लिहा. कोणती पद्धत घ्यायची, ते तिथेच दिसतं.

काटकोन असेल तर विचार करायचं कारणच नाही. राजाबाई टॉवरची उंची ८५ मीटर. समजा, ओव्हल मैदानातून टोकाचा उन्नत कोन ३० अंश दिसला. डोळ्यांची उंची सोडून दिली, तर पायथ्यापर्यंतचं अंतर ८५ × √३, म्हणजे सुमारे १४७ मीटर.

काटकोन नसेल तेव्हा खरी निवड करावी लागते. जुहूच्या किनाऱ्यावर दोन माणसं ५०० मीटर अंतरावर उभी आहेत आणि समुद्रातली एकच होडी पाहताहेत. किनाऱ्याशी होणारे कोन ७० आणि ६० अंश. दोन कोन आणि एक बाजू, म्हणजे साइन नियम: कुठलीही बाजू भागिले तिच्या समोरच्या कोनाचा साइन, हे उत्तर तिन्ही बाजूंसाठी सारखंच येतं. होडीपाशी उरलेला कोन ५० अंशांचा, म्हणून पहिल्या माणसापासून होडी ५०० × साइन ६० ÷ साइन ५०, म्हणजे जवळपास ५६५ मीटर. पण होडी किनाऱ्यापासून किती आत आहे, असा प्रश्न असेल तर मी सरळ लंब टाकेन. लंबाने पडलेले दोन तुकडे मिळून ५०० होतात आणि टॅनच्या किमती घालून ५३१ मीटर मिळतात. हे दहावीच्या मुलालाही जमतं.

भाऊच्या धक्क्यावरून दोन लाँच निघाल्या. एक ८ किलोमीटर गेली, दुसरी ५, आणि दिशांमध्ये ६० अंशांचा कोन आहे असं धरू. इथे साइन नियमाला सुरुवातच सापडत नाही, कारण एकही बाजू आणि तिच्या समोरचा कोन अशी जोडी नाही. कोसाइन नियम सांगतो, की तिसऱ्या बाजूचा वर्ग म्हणजे दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज, वजा २ × त्या दोन बाजू × मधल्या कोनाचा कोसाइन. त्याने ६४ + २५ − ४० = ४९, अंतर ७ किलोमीटर. लंब टाकूनही ७ येतात, फक्त दोन ओळी जास्त लागतात. मुळात कोसाइन नियम सिद्ध होतो तोच लंब टाकून, त्यामुळे परीक्षेत सूत्र आठवलं नाही तरी उदाहरण सुटतं.

सर्वांत फसवं उदाहरण म्हणजे दोन बाजू दिलेल्या, पण कोन त्यांच्यामधला नाही. बाजू १० आणि ६, आणि ६ च्या समोरचा कोन ३० अंश. साइन नियमाने १० च्या समोरच्या कोनाचा साइन ०.८३३ येतो. कॅल्क्युलेटर ५६.४ अंश दाखवतो, पण १२३.६ अंशही तितकाच बरोबर असतो आणि घाईत तो सुटतो. कोसाइन नियमाने तिसऱ्या बाजूचं वर्गसमीकरण मिळतं, त्यातून ११.९८ आणि ५.३४ ही दोन्ही उत्तरं आपसूक बाहेर पडतात. आकडेमोड किचकट असली, तरी बारावी किंवा सीईटीच्या मुलांनी अशा ठिकाणी कोसाइनच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. मग त्या दोन उत्तरांपैकी कोणतं घ्यायचं, हे प्रश्नाच्या मजकुरावरून ठरवायचं.