हायड्रोलेव्हल व्हीएक्सटी-२४ : स्टीम बॉयलरचा वॉटर फीडर, आणि त्याच्यावर येणारे खोटे आरोप

न्यू जर्सी, न्यूयॉर्क, बॉस्टन या पट्ट्यात जुनं घर घेतलं की बेसमेंटमधला स्टीम बॉयलर बहुतेक वेळा घराबरोबरच येतो. हिवाळ्यात त्यातलं पाणी हळूहळू उतरतं. मग लो वॉटर कट-ऑफ, म्हणजे पाणी कमी झाल्याचं ओळखणारं सुरक्षा यंत्र, बर्नर बंद करतो आणि घर गार पडतं. घरात माणूस असेल तर तो खाली जाऊन नळ उघडतो. पण डिसेंबरात सगळे भारतात असतील तर पाइप गोठायची वेळ येते. व्हीएक्सटी-२४ आहे तो यासाठी. कट-ऑफने इशारा दिला की तो बॉयलरमध्ये ठरलेलं पाणी सोडतो. नावातला २४ म्हणजे २४ व्होल्ट. जुन्या १२० व्होल्टच्या वायरिंगसाठी व्हीएक्सटी-१२० मिळतो, त्यामुळे ऑर्डर करण्याआधी बॉयलरचं कंट्रोल सर्किट कोणतं आहे ते बघा.

याच्यावर पैसे खर्च करावेत ते त्याच्या आकड्यासाठी. पुढच्या पडद्यावर आजवर किती गॅलन पाणी घातलं ते दिसतं, आणि स्टीम बॉयलरच्या तब्येतीबद्दल याहून उपयोगी माहिती नाही. ताज्या पाण्याबरोबर विरघळलेला ऑक्सिजन येतो. तो पाण्याच्या पातळीपाशी बिडाला खातो आणि शेवटी सेक्शनला, म्हणजे बॉयलरच्या बिडाच्या भागाला, भोक पडतं. आकडा न दाखवणारा फीडर गळती महिनोन्‌महिने झाकून ठेवतो. दर रविवारी आकडा बॉयलरशेजारी टांगलेल्या कागदावर लिहा. महिन्याला एखाद-दोन गॅलन ठीक. आठवड्याला पाच-सहा गॅलन जात असतील तर पाणी कुठे जातंय ते शोधलंच पाहिजे. बंद न होणारे रेडिएटर व्हेंट (हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा), व्हॉल्व्हचे नट, जमिनीखालून जाणारा वेट रिटर्न (थंड झालेलं पाणी बॉयलरकडे परत आणणारा, कायम पाण्याने भरलेला पाइप), या क्रमाने तपासा. कुठेच ओल नसेल तर थंड बॉयलर हेडरपर्यंत, म्हणजे वरच्या वाफेच्या आडव्या पाइपापर्यंत, भरून काही तास ठेवा. पाण्याची रेषा खाली आली तर बॉयलरच फुटका आहे. ही चाचणी झाल्यावर पाणी पुन्हा नेहमीच्या पातळीवर आणायला विसरू नका.

आता तक्रारींकडे. सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘फीडर बॉयलर तुडुंब भरतो’. यात फीडर दोषी असतोच असं नाही. पाण्याची वाफ झाली की ते पाणी काही वेळ पाइपांत आणि रेडिएटरांत असतं. परत यायला उशीर झाला की बॉयलरवरच्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेतली पातळी उतरते, फीडर पाणी घालतो, आणि थोड्या वेळाने जुनं पाणीही येऊन पोचतं. उशिराचं कारण बहुतेक वेळा गाळाने भरलेला वेट रिटर्न असतो. तो उघडून होजने धुवा.

दुसरं कारण प्रेशर. १ पीएसआय दाब रिटर्नमधलं पाणी साधारण २८ इंच वर ढकलतो, म्हणजे दाब चढला की बॉयलरमधलं पाणीच रिटर्नमध्ये चढून बसतं. हनीवेलच्या नेहमीच्या प्रेशरट्रोलवर, म्हणजे ठरलेल्या दाबाला बर्नर बंद करणाऱ्या स्विचवर, बाहेरची पट्टी ०.५ वर आणि आतलं पांढरं चाक १ वर ठेवा. बर्नर मग १.५ च्या आसपास बंद व्हायला हवा. तरी होत नसेल तर प्रेशरट्रोलखालची वळणदार नळी, म्हणजे पिगटेल, काढून बघा. ती गंजाच्या चिखलाने बुजलेली असेल तर प्रेशरट्रोलला दाब कळणारच नाही. हे पाच मिनिटांचं काम फीडर बदलण्याआधी केलंच पाहिजे.

तिसरं कारण घाणेरडं पाणी. नवीन बॉयलर बसवताना आत राहिलेलं तेल वर तरंगतं, पाणी उसळतं आणि काच वर-खाली नाचते. कट-ऑफच्या प्रोबला, म्हणजे पाणी ओळखणाऱ्या कांडीला, कधी पाणी दिसतं, कधी दिसत नाही. यावर उपाय स्किमिंग. बाजूच्या स्किम पोर्टमधून पेन्सिलीएवढी धार पडेल इतक्या संथपणे पाणी भरत राहायचं, तेही काही तास. घाई केली तर तेल वर येतच नाही. तळाच्या ड्रेनने पाणी सोडून हे काम होत नाही, तेल तर वर असतं.

प्रोबही वर्षातून एकदा काढून घासा. त्यावर थर चढला की पाणी असूनही कट-ऑफला कोरडं वाटतं. बसवताना टेफ्लॉन टेपचे थर चढवू नका, कारण प्रोबचं सर्किट बॉयलरच्या धातूतूनच पूर्ण होतं.

सेटिंग करताना अंदाज नको. बादली घ्या आणि काचेतली पातळी एक इंच उतरेपर्यंत पाणी काढून मोजा. तुमच्या बॉयलरचा इंच म्हणजे किती गॅलन, ते कळेल. एका वेळचं पाणी त्याहून कमी आणि पाणी घालण्याआधीची वाट शक्य तितकी लांब ठेवा. कट-ऑफ त्याच कंपनीचा सायकलगार्ड असेल तर जोडी चांगली जमते. तो दर १० मिनिटांनी बर्नर ९० सेकंद थांबवून, पाणी शांत झाल्यावर पातळी बघतो.

बर्नर बंद असतानाही पाणी चढतंय? काचेवर मार्करने रेघ मारा आणि फीडरच्या आधीचा व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवा. पातळी थांबली तर फीडरचा व्हॉल्व्ह कचरा अडकून झिरपतोय. नाही थांबली तर बायपासचा (फीडरला वळसा घालून जाणाऱ्या पाइपाचा) हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बघा, आणि बॉयलरमध्ये गरम पाण्याची कॉइल असेल तर तिचा पुरवठा बंद करून हीच चाचणी पुन्हा करा. फुटक्या कॉइलपायी चांगले फीडर बदलले जातात.

याउलट आकडा वाढतोय पण काच हलत नसेल, तर पाणी वाटेत अडलंय. आधी व्हॉल्व्ह उघडे आहेत ना ते बघा, मग गाळणी, आणि शेवटी फीड लाइन जिथे रिटर्नला मिळते तिथलं निप्पल, म्हणजे पाइपाचा छोटा तुकडा. क्षार आणि गाळ तिथेच साचतात. म्हणून दोन्ही बाजूंना युनियन (पाइप न कापता उघडता येणारे जोड) आणि बायपास घालूनच फीडर बसवून घ्या. प्लंबर नको म्हणाला तरी हट्ट धरा. युनियन नसेल तर गाळणी साफ करायलाही पाइप कापावा लागतो.

काच पूर्ण रिकामी आणि बॉयलर तापलेला असेल तर फीडरचं बटण दाबू नका, नळही उघडू नका. तापलेल्या बिडावर थंड पाणी पडलं की सेक्शन तडकतो. वीज आणि इंधन बंद करा, बॉयलर हाताला गार लागेपर्यंत थांबा, मगच भरा.