टेलि-मानस 14416: जोडीदाराचं जुनाट दुखणं सांभाळणाऱ्याला ही फोनसेवा किती उपयोगी?

फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखत राहण्याचा आजार), ऑपरेशननंतरही न थांबलेली कंबरदुखी, संधिवात, नागीण बरी झाल्यावर मागे राहिलेली आग. तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट म्हणतात. अशा घरात गोळ्या, फिजिओथेरपी, शेकायची पिशवी सगळं पेशंटच्या नावाने येतं. त्याचं करणाऱ्या नवऱ्यासाठी किंवा बायकोसाठी वेगळं असं काही येत नाही. म्हणून या सरकारी फोनसेवेची पारख आम्ही एकाच प्रश्नावर केली आहे: ज्याला स्वतःला आजार नाही, पण जो करून करून थकला आहे, त्याला इथे काय मिळतं?

आधी ओळख. टेलि-मानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा 10 ऑक्टोबर 2022 ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था तिचं मुख्य केंद्र आहे. क्रमांक 14416, किंवा 1800-891-4416. फोन फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि साध्या बटणांच्या फोनवरूनही लागतो. सुरुवातीला भाषा निवडायची असते, त्यात मराठी आहे. पहिल्या पायरीवर प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. त्यांना गरज वाटली तर दुसऱ्या पायरीवर मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारातल्या प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्याकडे जोडून देतात. प्रत्यक्ष तपासणी हवी असेल तर जवळच्या सरकारी रुग्णालयाचा रस्ता दाखवतात. 2024 च्या ऑक्टोबरपासून ॲपही आहे, पण आमच्या मते या कामाला फोनच बरा.

सेवेचा उपयोग होतो की नाही हे बहुतेक वेळा पहिल्या दोन मिनिटांत ठरतं. फोन करणारा सवयीने पेशंटची हकिगत सुरू करतो: एमआरआयमध्ये काय आलं, कुठली गोळी लागू पडली नाही, कोणत्या डॉक्टरांनी काय सांगितलं. मग समोरूनही पेशंटसाठीच सल्ला येतो आणि फोन ठेवल्यावर वाटतं, यात नवीन काय मिळालं? म्हणून पहिलंच वाक्य असं ठेवा: "मी पेशंट नाही. माझ्या बायकोला चार वर्षांपासून कंबरदुखी आहे, तिचं सगळं मी बघतो. मला माझ्याबद्दल बोलायचंय." त्यानंतर तीनच गोष्टी सांगा. रात्री सलग किती तास झोप होते. शेवटचा राग कधी आला आणि कशावरून. या दुखण्यापायी तुमचं स्वतःचं काय बंद पडलंय: चालणं, भजनी मंडळ, बहिणीकडे जाणं, स्वतःच्या बीपीची तपासणी. एवढ्यावर समुपदेशकाला नेमकं धरायला काहीतरी मिळतं. काळजीवाहकावरचा भार मोजायची झरिट नावाची प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्यात 22 प्रश्न आणि 88 गुण असतात, आणि तीही साधारण याच गोष्टी विचारते.

या सेवेचा सगळ्यात मोठा फायदा आम्हाला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. जुनाट दुखण्यात जोडीदार कसा वागतो याचा पेशंटच्या हालचालीशी संबंध असतो, हे वेदनातज्ज्ञ फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. 1985 मध्ये आलेल्या वेस्ट हेवन-येल प्रश्नावलीत तर जोडीदाराच्या वागण्याचे तीन प्रकारच केले आहेत: अति काळजी घेणं, चिडणं आणि लक्ष दुसरीकडे वळवणं. चिडणं वाईट हे कुणालाही कळतं. पण "तू उठू नकोस, मी करते" हे दिवसभर म्हणत राहणंही पेशंटच्या भल्याचं नसतं. हालचाल कमी झाली की स्नायू आखडतात, आखडले की जास्त दुखतं, आणि करणाऱ्याच्या डोक्यावर आणखी एक काम येतं. प्रेमापोटी केलेली ही चूक घरातल्या कुणाला दिसत नाही, कारण करणाऱ्याचं सगळे कौतुकच करत असतात.

इथे बाहेरच्या माणसाशी बोलण्याचा खरा उपयोग होतो. समुपदेशकाला सरळ विचारा, "ती कण्हायला लागली की मी काय म्हणू?" वाक्य फोनवरच ठरवा आणि म्हणून बघा. आमच्या मते चालणारं वाक्य हे: "आत्ता काय हवंय, मी जवळ बसू, शेकायला देऊ, की थोडा वेळ एकटं सोडू?" निवड पेशंटकडे राहते आणि तुम्हालाही अंदाज बांधत बसावं लागत नाही. कामांचंही तसंच. ओट्याशी तासभर उभं राहणं झेपत नसेल तर बसून मेथी निवडणं झेपतं. ते काम काढून घेऊ नका. उलट त्रास बऱ्या दिवशी होतो: आज बरं वाटतंय म्हणून माळा आवरायला घेतला, आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात. त्यावर उपाय म्हणजे बऱ्या दिवशीसुद्धा वीस मिनिटं काम आणि दहा मिनिटं आडवं होणं, मोबाइलवर गजर लावून. थांबायची आठवण गजराने करून दिली की नवराबायकोत वाद होत नाही.

अडचण जागेची असते. दोन खोल्यांच्या घरात पेशंटच्या कानावर न जाता बोलणार कुठे? गच्ची, सोसायटीचं बाकडं, दूध आणायला जातानाची वाट, काहीही चालेल, पण निदान अर्धा तास हातात ठेवा. पाच मिनिटांत उरकायचा हा फोन नाही. आणि जोडीदाराला सांगूनच करा. लपवून केलेला फोन कळला की "माझ्या तक्रारी बाहेर सांगतोस" इथून भांडण सुरू होतं. "मला झोप लागत नाही म्हणून मी बोलतोय" एवढं सांगितलं तरी पुरतं, आणि ते खरंही असतं.

आता मर्यादा. दुखण्याच्या गोळ्यांचा डोस या फोनवर बदलून मिळणार नाही, तशी अपेक्षाही ठेवू नये. प्रेगाबालिन, गॅबापेंटिनसारख्या गोळ्यांनी गुंगी येते म्हणून करणारेच कधीकधी त्या परस्पर बंद करतात. अशा गोळ्या एकदम थांबवल्या तर झोप उडते, घाम फुटतो, दुखणं उसळतं. त्या डॉक्टरांना विचारून हळूहळूच कमी करायच्या. हा प्रश्न पेन क्लिनिकचा आहे. मोठ्या सरकारी आणि मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयांत ते बहुधा भूलशास्त्र विभागाकडे असतं, त्यामुळे केसपेपर काढताना त्या विभागाचं नाव घेऊन विचारा.

दुसरी मर्यादा जास्त बोचणारी. फोनवरून हाताखाली माणूस मिळत नाही. समुपदेशक म्हणणार, "स्वतःसाठी वेळ काढा", पण त्या वेळात जोडीदाराला बाथरूमला कोण नेणार? इथे घरी मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोची मावशी किंवा मामा लागतात. चोवीस तासांचा माणूस परवडत नाही म्हणून पुष्कळ घरं हा विचारच सोडून देतात. जुनाट दुखण्यात बहुतेकांना तेवढी गरजही नसते. आठवड्यातून दोन ठरलेल्या दुपारी, तीन-तीन तास, ओळखीतली एखादी बाई मिळाली तरी फरक पडतो. मात्र वार ठरलेले हवेत. "जमेल तेव्हा ये" असं म्हटलं की ते कधीच जमत नाही. ब्युरोकडून घेत असाल तर पैसे भरण्याआधी हे विचारा: नोंदणीची रक्कम परत मिळते का, बाई आली नाही तर बदली किती वेळात, मालीश आणि उठवणं-बसवणं कामात धरलंय का, आणि पहिल्या दिवशी शिकवायला कुणी येणार का. उठवताना काखेत हात घालून ओढणारी मदतनीस नको. तिने पेशंटला कुशीवर वळवून, पाय खाली सोडून, मग बसवायला हवं. हे तिला तुमच्यासमोर एकदा करून दाखवायला लावा.

एका बाबतीत मात्र अर्धा तास, गच्ची, काही बघायचं नाही. "आता जगून काय करू", "गोळ्या एकदाच घेऊन टाकते" असं जोडीदार म्हणाला, किंवा ते विचार तुमच्याच मनात यायला लागले, तर दिवस असो की रात्र, लगेच 14416 लावा. जुनाट दुखण्यात आत्महत्येचा धोका वाढतो, म्हणून ते बोलणं वैतागाचं समजून सोडून देऊ नये. गोळ्यांचा साठा उचलून कुलपात ठेवा, एका वेळी एका दिवसाच्याच बाहेर काढा आणि माणसाला एकटं सोडू नका. काही करून बसल्याची शंका असेल तर आधी 108 किंवा 112, बाकीचं नंतर.

फोन झाल्यावर लगेच तारीख आणि ठरलेल्या गोष्टी वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी फोन दुसऱ्या समुपदेशकाकडे जाऊ शकतो, आणि वहीतल्या चार ओळी वाचून दाखवल्या की सगळं पहिल्यापासून सांगायची वेळ येत नाही.