जेरी राईस की रँडी मॉस: आधी कोणाचे सामने बघाल?

अमेरिकन फुटबॉल नव्याने बघायला लागलं की नियम महिना-दोन महिन्यांत अंगवळणी पडतात. मग एखादी भूमिका नीट समजून घ्यावीशी वाटते. बहुतेकांची नजर आधी रिसीव्हरवर जाते. क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू पळता पळता झेलणारा हा गडी. त्यासाठी जुने सामने शोधायला बसलात तर दोन नावं हमखास समोर येतात: जेरी राईस आणि रँडी मॉस. वेळ एकालाच द्यायचा असेल तर माझं मत राईसला. मॉस आधी आवडतो, यात मात्र वाद नाही.

आकडे आधी उरकून टाकू. राईसचे १,५४९ झेल, त्यांतून संघाला पुढे नेलेले २२,८९५ यार्ड आणि झेलून केलेले १९७ टचडाउन, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या पट्टीत पोचवणं. मॉसचे ९८२ झेल, १५,२९२ यार्ड, १५६ टचडाउन. यार्डांच्या यादीत राईसनंतरचा लॅरी फिट्झगेराल्ड १७ हंगाम खेळला, तरी पाच हजारांहून जास्त यार्डांनी मागे राहिला. टचडाउनमध्ये मात्र दुसरा नंबर मॉसचाच. मॉस साधारण सहा झेलांमागे एक टचडाउन करायचा, राईस जवळजवळ आठांमागे एक. मॉसचे चाहते याच हिशेबावर भांडतात, आणि त्यांचं अगदीच चुकतं असं नाही.

मॉस बघायला काहीही माहिती लागत नाही. सहा फूट चार इंच उंची, त्या उंचीला न शोभणारा वेग, आणि दोन बचावपटूंच्या डोक्यावरून चेंडू उचलून आणण्याची सवय. अशा झेलाला तिकडे आजही त्याच्याच नावाने ओळखतात. शाळेतल्या मारामारीमुळे नोत्र दाम विद्यापीठाचा प्रवेश गेला, फ्लोरिडा स्टेटने गांजामुळे बाहेर काढलं, शेवटी तो वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्शल विद्यापीठाकडून खेळला. त्यामुळे १९९८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात, वीस जण त्याच्या आधी उचलले गेले. डॅलस काउबॉइज संघानेही त्याला घेतलं नाही. त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी मिनेसोटा व्हायकिंग्जकडून तो डॅलसमध्ये उतरला आणि तीन झेल घेतले. तिन्ही टचडाउन, एकूण १६३ यार्ड. ग्रीन बेलाही त्याने ऑक्टोबरमध्ये असंच धुतलं होतं. पुढच्या ड्राफ्टमध्ये त्या संघाने पहिल्या तिन्ही फेऱ्यांत कॉर्नरबॅकच, म्हणजे रिसीव्हरला अडवणारे बचावपटूच, घेतले. एका माणसाच्या धास्तीने केलेली ही खरेदी मला कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठी पावती वाटते.

राईसचं तसं नाही. मिसिसिपीतल्या क्रॉफर्ड नावाच्या गावातला गवंड्याचा मुलगा. भाऊ खालून विटा फेकायचे आणि हा परांचीवर उभा राहून झेलायचा. पुढे मिसिसिपी व्हॅली स्टेट या लहान कॉलेजात खेळला. वेग बेताचा, असं निवडकर्त्यांचं मत होतं. १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनायनर्सचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी ड्राफ्टमध्ये वरचा क्रमांक मिळवून त्याला सोळावा उचलला. वॉल्श यांच्या पद्धतीत छोटे, वेळेला बांधलेले पास असत. रिसीव्हर वळण्याआधीच चेंडू क्वार्टरबॅकच्या हातातून सुटलेला असे, म्हणून ठरलेल्या पावलावर ठरलेल्या जागी पोचणं हीच खरी कामगिरी. राईसची पहिली पावलं प्रत्येक वेळी सारखीच दिसत, त्यामुळे तो डावीकडे तुटणार की सरळ सुटणार हे समोरच्याला कळतच नसे. खो-खोत मुरलेला धावक खांबाजवळ जशी हूल देतो, तशातला प्रकार. झेल झाल्यावरही तो थांबत नसे. त्याचे कितीतरी यार्ड चेंडू हातात आल्यानंतर पळून काढलेले आहेत.

पण हे टीव्हीवर नीट दिसत नाही. कॅमेरा चेंडूबरोबर राहतो आणि रिसीव्हरची अर्धी धाव चौकटीबाहेर होते. पाच मिनिटांच्या हायलाइट्समध्ये मॉस पूर्ण भेटतो, राईस निम्मासुद्धा नाही. म्हणून राईसचे आख्खे सामने बघावे लागतात.

एका हंगामातल्या टचडाउनच्या विक्रमावरून वाद घालायचा असेल तर दोन्ही बाजूंना दारूगोळा आहे. १९८७ मध्ये राईसने २२ केले. संपामुळे तो त्या वर्षी बाराच सामने खेळला. २००७ मध्ये मॉसने न्यू इंग्लंडकडून १६ सामन्यांत २३ केले. न्यू इंग्लंडने त्याला ओकलंडकडून अवघ्या चौथ्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात घेतलं होतं, कारण आदल्या वर्षी तिथे त्याचे जेमतेम ४२ झेल झाले होते. मन लागलं नाही की मॉस असाच विझायचा. ‘मला वाटेल तेव्हा मी खेळतो’ हे त्याने २००१ मध्ये स्वतःच बोलून दाखवलं होतं. राईसने चाळिशीत, त्याच ओकलंडमध्ये, हजाराहून जास्त यार्ड काढले. राईसही धुतल्या तांदळासारखा नाही. हातमोज्यांना बंदी असलेला चिकट पदार्थ लावायचो, असं त्याने निवृत्तीनंतर सांगून टाकलं. त्याने मोठा फरक पडला असेल असं मला वाटत नाही, पण मॉसवाले हा मुद्दा सोडणार नाहीत.

सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकणाऱ्या तीन संघांत राईस होता, मॉस एकाही नाही.

कुठून सुरुवात करायची? जानेवारी १९८९ चा सिनसिनाटीविरुद्धचा सुपर बोल. राईसचे ११ झेल, २१५ यार्ड, सामनावीर तोच. शेवटची ९२ यार्डांची चढाई दोनदा बघा. विजयी टचडाउन जॉन टेलरने झेलला, पण त्या वेळी बचावाचं लक्ष कुठे आहे ते पाहा. मॉससाठी डॅलसचा तो सामना आणि २९ डिसेंबर २००७ चा जायंट्सविरुद्धचा. यात एक लांब पास त्याच्या हातून सुटतो, आणि लगेच पुढच्याच चालीत तसाच पास झेलून तो ६५ यार्डांच्या टचडाउनने राईसचा विक्रम मोडतो.

बे एरियातल्या मराठी मंडळींना आणखी एक सोय आहे. राईस ज्या चढावर धावून दम वाढवायचा, तो सॅन कार्लोसजवळच्या एजवुड पार्कमध्ये आहे. घरात फ्लॅग फुटबॉल (अंगावर न जाता कमरेची पट्टी ओढून अडवायचा प्रकार) खेळणारं पोर असेल तर त्याला मॉस दाखवायची घाई करू नका. सहा फूट चार इंच उंची सरावाने येत नाही.